काउंटरच्या आतली बाजू

प्रिय मायालेन,

आज बुधवार. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या आहेत, कालचे ग्लास तसेच खरकटे पडलेत, आणि मी काउंटरच्या टोकाला मॅटीच्या स्टुलावर बसून तुला पत्र लिहितेय. तू पुलापलीकडे राहतेस. हाक मारली तर येशील, संध्याकाळी तर न बोलावताच येशील, मग या बाईला पत्राचं काय खूळ भरलं म्हणून हसशील. हस बापडी. पण वर्षभरात तुला एवढं कळलंच असेल की आम्हा आयर्लंडच्या, त्यातून गॉलवेच्या माणसांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. रविवारी दुपारी तू माझ्याबरोबर ग्लास पुसत होतीस आणि पुसता पुसताच म्हणालीस, शुक्रवारचं विमान मी सोडून देणार, बिल्बाओच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष गेलं खड्ड्यात, मी इथेच राहते आणि तुझ्याबरोबर फोलनचा पब चालवते. माझ्या हातातला ग्लास कधीच कोरडा झाला होता, तरी मी तो पुसतच राहिले आणि म्हणाले, 'बघू हं.' अगं, आमच्यात 'बघू'ला काही अर्थच नसतो. पाद्रीबाबांनाही आम्ही 'बघू' म्हणतो आणि वीज कापायला आलेल्या माणसालाही 'बघू'च म्हणतो. तू मात्र त्याला होकार समजलीस, माझ्या गळ्यात पडलीस, आणि सगळ्या मित्रमंडळींना सांगूनही मोकळी झालीस. उद्याची तुझी निरोपाची पार्टी आता निरोपाची नाहीच म्हणे, मुक्कामाची आहे. तेव्हा त्या 'बघू'चं खरं उत्तर तुला आजच द्यायला हवं.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस तुला आठवतो का? मला लख्ख आठवतो. विद्यापीठ नुकतं सुरू झालेलं, तू एकटीच आत आलीस, भिजलेला कोट काढलास आणि सरळ जाऊन शेकोटीजवळच्या त्या खुर्चीत बसलीस. वादकांच्या बैठकीची मधली खुर्ची! सोर्का व्हायोलिन घेऊन आली, मागून डफवाला आला, बासरीवाला आला, आणि सगळे तुझ्याभोवती आपापली वाद्यं पोटाशी धरून उभे. तू विचारलंस, इथे कोणी बसतं का? सोर्का म्हणाली, छे छे, बस की, छानच. डफवाला म्हणाला, छानच, छानच. तू बसून राहिलीस आणि ते उभे राहिले. सगळा पब श्वास रोखून बघतोय, पण एक जण बोलेल तर शपथ. शेवटी आमचा मॅटी कनीली या टोकावरून ओरडला, 'पोरी, तुला वाजवता येतं काय काही?' तू म्हणालीस, नाही. 'मग ऊठ बाई तिथून! ही माणसं मरेपर्यंत उभी राहतील, पण तुला ऊठ म्हणायची नाहीत.' तू कानापर्यंत लाल झालीस. मग इतकी हसलीस, इतकी हसलीस, की सोर्काने तुला बाजूला बसवून घेतलं ते कायमचंच.

त्यानंतरचं वर्ष मी काउंटरच्या या फळीच्या आतून पाहिलंय. तू, सोर्का आणि तो फिनलंडचा वेईको. काय पोरगा तो! पहिला ग्लास संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही, दुसऱ्याला हं, आणि तिसऱ्याला उभं राहून त्याच्या भाषेतलं असलं रडकं गाणं की माझ्या गिऱ्हाइकांनी न कळताच डोळे पुसले. काउंटीची मॅच जिंकलो तेव्हा तुम्ही टेबलं भिंतीला लावून नाचलात. तुझा पाय मुरगळला, तरी एका पायावर नाचत होतीस. काळ्या बिअरचा ग्लास अर्धा भरून मी बाजूला ठेवला की तुम्ही परदेशी पोरं घाईघाईने हात पुढे करायचात, आणि मॅटी त्या हातांवर टोपीने फटका मारायचा, 'थांब की मेल्या, अजून स्थिरावलेली नाही ती!' तुम्ही आलात की या पबला तोंड फुटायचं. मी आत उभी राहून नळ ओढायचे, ग्लास भरायचे, पुसायचे, आणि मनात म्हणायचे, कार्मेल, हे तुझं घर आहे बरं का. हा आवाज तुझ्या घरातला आहे. मी सुखी होते गं तेव्हा. दमलेले होते, पण सुखी होते.

पण मायालेन, तू हे सगळं बाहेरून पाहिलंयस. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगाच नाही. इस्टरनंतर तू हौसेने आत यायला लागलीस, ग्लास धुवायला लागलीस, मला वाटलं पोरगी दोन दिवसांत कंटाळेल. तू कंटाळली नाहीस. तुला तळघरातला वास आवडला, पिंपं बदलायला आवडलं, नळ्या साफ करायलाही आवडलं. आवडणारच! सोडून जाता येतं तोवर सगळंच आवडतं. माझी मनगटं बघितलीस ना? सकाळी उठल्यावर चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. माझ्या मैत्रिणींची लग्नं शनिवारी झाली, पबच्या ऐन गर्दीच्या दिवशी, मी एकाही लग्नाला जेवले नाही. त्यांची पोरं मोठी झाली आणि इथे प्यायला यायला लागली, तेव्हा मला त्यांची तोंडं कळली. बोस्टनहून माझा भाऊ डेक्लन दर रविवारी फोन करतो आणि म्हणतो, फोलनचा पब म्हणजे आपल्या घराण्याचा आत्मा आहे, कार्मेल. आत्मा म्हणे! आत्म्याची पिंपं तळघरातून वर कोण आणतं ते त्याला एकदा विचारायचंय. पण विचारत नाही. मी म्हणते, छानच चाललंय रे, छानच.

मी डब्लिनला शिक्षिका व्हायला शिकत होते हे तुला माहीत नसेल. कोणालाच फारसं आठवत नाही आता. बाबा तळघराच्या पायऱ्यांवरून पडले, कंबरेचं हाड मोडलं, आणि आईने कळवलं, इस्टरपर्यंत येऊन राहा. मी आले. कोणी जबरदस्ती केली असं नाही, कोणी पाय धरले असंही नाही. बाबा बरे झाले, काठी घेऊन हिंडायलाही लागले. पण तोपर्यंत गिऱ्हाइकांना माझ्या हातची सवय झाली होती आणि मला त्यांच्या कौतुकाची. काय मुलगी आहे हो तुमची, असं म्हणायचे सगळे. त्या कौतुकाने माणूस कसा बांधला जातो ते तुला सांगून कळायचं नाही. कॉलेजातून पत्र आलं, तुझी जागा ठेवू का म्हणून, मी म्हटलं, बघू. मला त्याचं दुःख आहे का म्हणशील तर मलाच ठाऊक नाही. मी वाईट जगले नाही. पण मी ठरवून जगले नाही एवढं मात्र खरं.

आता तुला एक सांगते, आणि सांगताना मला लाज वाटतेय. रविवारी तू गेल्यावर मी मनातल्या मनात तुला हो म्हणून टाकलं होतं. अगं, कोणी तरी येणार होतं! तू रात्री दार लावशील आणि मी दहा वाजताच वर जाऊन झोपेन, एवढा एकच विचार मी उशीखाली घेऊन झोपले. सोमवारी पब बंद असतो, तर मी वरची मागची खोली उघडली. डेक्लनचं जुनं सामान होतं, ते खाली आणलं. मॅटी शिडी घेऊन आला, दोघांनी मिळून भिंतींना रंग दिला. पिवळा. खिडकीतून बंदराचा तुकडा दिसतो, तुला समुद्र दिसल्याशिवाय करमत नाही म्हणून पलंग तिकडे सरकवला. पडद्याचं कापडही आणलं, निळं. मॅटी म्हणाला, 'कार्मेल, राणी येणार आहे का गं कोणी?' मी म्हटलं, गप बस आणि शिडी धर. माझा हात दुखत होता, पण मी गुणगुणत होते. कित्येक वर्षांत मी गुणगुणले नव्हते. इतकी आप्पलपोटी झाले होते मी त्या दिवशी.

मग मंगळवार आला. काल दुपारी तू काउंटरच्या आत होतीस, मी जेवण घेऊन मागच्या दारात बसले होते, आणि मॅटीने त्याची सीलची गोष्ट सुरू केली. राउंडस्टोनच्या खाडीत त्याच्या होडीमागे येणारी ती सील मादी. तो गायला लागला की ती डोकं वर काढायची, आणि त्याची बायको वारली तेव्हा ती खडकावर बसून रडत होती म्हणे, गालांवरून पाणी वाहत होतं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की ती मला झोपेतही सांगता येईल. पण तू पहिल्यांदा ऐकलीस तेव्हा काय केलं होतंस आठव. तू म्हणालीस, सील दुःखाने रडत नाही, तिच्या डोळ्यांतलं पाणी नाकात उतरायला वाटच नसते, म्हणून ते बाहेर वाहतं. मॅटी खवळला! 'तू विचारलंस का तिला?' तू म्हणालीस, तुम्ही विचारलंत? तू धावत घरी गेलीस आणि तुझ्या अभ्यासाचं जाडजूड पुस्तक घेऊन आलीस, सीलच्या कवटीचं चित्र त्याच्या ग्लासाशेजारी पसरलंस, आणि तुम्ही दोघं असे भांडलात की बैठकवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. त्यानंतर दर आठवड्याला भांडण. ती कुठल्या जातीची होती, कुठल्या महिन्यात यायची, पिल्लू होतं का तिला. मॅटी शनिवारी दाढी करून यायला लागला, माहीत आहे तुला? तुझ्याशी भांडायला म्हणून. बायको गेल्यापासून त्याला कोणी प्रश्न विचारले नव्हते.

आणि काल तू एका हाताने नळ ओढत होतीस, दुसऱ्या हाताने फडकं फिरवत होतीस, तुझी नजर दारातून आलेल्या पर्यटकांवर होती. मॅटी रडणाऱ्या सीलपाशी आला आणि तू बरोब्बर तिथे म्हणालीस, 'असं होय? बाई बाई बाई!' आणि हसलीस. अगदी योग्य जागी, हवं तेवढं हळवं हसलीस. एक शब्दही न ऐकता. मी हातातला घास ताटात परत ठेवला, कारण ते हसू माझं आहे, मायालेन. ते मी या फळीमागे वर्षानुवर्षं घासून घासून तयार केलंय. ऐकायची ताकद उरत नाही तेव्हा माणूस ते वापरतो. त्यात वाईट काही नाही, गिऱ्हाईक खूष होतं, दिवस निघतो. पण ते तुझ्या तोंडावर, तुझ्या या वयात! मॅटी गोष्ट अर्ध्यावर सोडून मागे माझ्यापाशी आला. टोपी हातात. म्हणाला, 'कार्मेल, ती आता माझ्याशी भांडत नाही गं.' मी म्हटलं, दमली असेल. तो म्हणाला, 'तू पण अशीच दमली होतीस.' आणि ग्लास अर्धा टाकून घरी गेला. मॅटी कनीलीने ग्लास अर्धा टाकला, यावरून काय ते समज.

रात्री मी वर त्या पिवळ्या खोलीत जाऊन बसले. रंगाच्या वासाने डोकं दुखत होतं. तुझ्या आईने नाताळला मला पाठवलेल्या अँचोव्ही माशांच्या डब्यांचा विचार करत होते. बर्मेओच्या कारखान्यात ती दिवसभर उभी राहून बोटांनी एकेक मासा साफ करते, असं तूच सांगितलं होतंस. मीठ लागून तिची बोटं फाटतात. तिला मी कधी पाहिलं नाही, पण तिने पोरगी माझ्या शहरात समुद्र शिकायला पाठवली होती, माझी पिंपं उचलायला नाही. मी तुला ठेवून घेतलं असतं तर ती मला काहीच बोलली नसती. आणखी डबे पाठवले असते तिने. मला खूप रडू आलं गं. तुझ्यासाठी आलं असं म्हणायला बरं वाटेल, पण ते माझ्यासाठीच होतं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते. पब चालवणाऱ्याला एक अधिकार असतो, बंदी घालायचा. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या परक्या माणसाला आम्ही नुसतं बाहेर काढतो, दुसऱ्या दिवशी तो आला तर ओळखतसुद्धा नाही. बंदी घालतात ती आपल्याच माणसाला. माझ्या बाबांनी उभ्या जन्मात एकाच माणसाला घातली, त्यांच्या सख्ख्या भावाला, आमच्या टॉमकाकाला. काका आमच्याच पबात बसून स्वतःला संपवत होता, आणि बाबा त्याला ग्लास भरून देत होते, कारण भावाला नाही कसं म्हणायचं? नाही म्हणायला तर आम्हाला येतच नाही! मग एका संध्याकाळी, भरल्या पबात, बाबा हळूच म्हणाले, 'टॉम, तुला इथे बंदी.' काका उठला, टोपी घातली आणि गेला. का म्हणून कोणी विचारलं नाही, बंदीचं कारण विचारायचं नसतं आणि ती मोडायचीही नसते. आधी महिनोन् महिने तो बाबांशी बोलला नाही. मग बाबा दर रविवारी थर्मासात चहा भरून बंदराच्या कठड्यावर जायचे, आणि दोघं भाऊ तिथे वाऱ्यात बसायचे. काका पुढे खूप जगला, नातवंडं पाहिली त्याने. त्याची बंदी बाबांनी कधीच उठवली नाही. नाही म्हणायची हीच एक रीत आम्हाला येते, बयो. दुसरी कुणी शिकवलीच नाही.

तर मायालेन, आजपासून तुला फोलनच्या पबात बंदी. काउंटरच्या बाहेरही यायचं नाही आणि आतही यायचं नाही. उद्याची पार्टी इथे होणार नाही. सोर्काला सांगितलंय, पुलापलीकडच्या पबात करा, तिथली काळी बिअर जरा पातळ असते पण पोरं नाचली की कोणाला कळतंय! सोर्का म्हणाली, पत्र दे, संध्याकाळच्या आत तिच्या खिशात घालते. वेईको म्हणे माझ्यावर रागावलाय, त्याच्या गप्प बसण्यावरून ते कसं ओळखलं कोण जाणे. मॅटीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'छानच,' आणि खिडकीकडे तोंड करून बसला. तू माझ्यावर चिडशील. चिड. मला शिव्या दे, तुझ्या भाषेतल्या दे, त्या ऐकायला छान लागतात. पण शुक्रवारचं विमान पकड, आणि बिल्बाओला जाऊन तुझं ते वर्ष पुरं कर, आणि मग समुद्रावर जा, समुद्राशी भांड, म्हाताऱ्यांशी भांड. पिवळ्या खोलीत मी स्वतःच झोपेन म्हणते, बंदर दिसतं तिथून. तुला हे समोर बसवून सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून लिहिलं. एकच विनवणी आहे. आज, उद्या आणि परवा या गल्लीत येऊ नकोस. निरोप घ्यायलाही येऊ नकोस. दार वाजवू नकोस, पोरी. वाजवलंस तर मी उघडीन.

तुझीच,
कार्मेल